मुक्यांचा दवाखाना : त्वचारोपण, पीआरपी आणि तुमचे प्रश्न

गेल्या अंकात गाडीखाली सापडून पायाची कातडी सोलून निघालेल्या कुत्र्यांच्या उपचारांबद्दल लिहिलं होतं. त्यात त्वचारोपणाचा, आणि ग्राफ्ट (रोपलेला कातडीचा तुकडा) नीट धरावा म्हणून वापरल्या जाणाऱ्या पीआरपीचा, म्हणजे कुत्र्याच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेटयुक्त प्लाझ्माचा, ओझरता उल्लेख होता. पत्रं मात्र बहुतेक त्या ओझरत्या उल्लेखावरच आली. कुत्री पाळणाऱ्यांचे आणि पशुवैद्यांचे प्रश्न वेगळे न काढता इथे एकत्र घेतले आहेत. सेंट्रिफ्यूजच्या, म्हणजे रक्त गरगर फिरवून त्यातले थर वेगळे करणाऱ्या यंत्राच्या, हिशोबात ज्यांना रस नाही त्यांनी तो भाग खुशाल ओलांडावा.

प्रश्न : आमच्या सहा वर्षांच्या लॅब्राडोरच्या मागच्या पायाची कातडी घोट्याखाली पूर्ण सोलली गेली आहे. डॉक्टर म्हणतात, छातीच्या बाजूची कातडी काढून तिथे लावू आणि सोबत पीआरपी वापरू. पीआरपी नाही वापरलं तर ग्राफ्ट लागणारच नाही का? (तिलकनगर, इंदूर)

लागतो. पीआरपीचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीपासून कुत्र्यांमध्ये ग्राफ्ट लागत आले आहेत आणि आजही बहुतेक ठिकाणी त्याच्याशिवायच लागतात.

कातडीचा तुकडा शरीरापासून सुटा केला की त्याचा रक्तपुरवठा तिथेच संपतो. पहिले दोन दिवस तो खालच्या जखमेतून पाझरणारा द्रव शोषून कसाबसा तग धरतो. ४८ ते ७२ तासांच्या सुमारास खालच्या बारीक रक्तवाहिन्या ग्राफ्टमधल्या जुन्या वाहिन्यांच्या तोंडांना जुळू लागतात, आणि पुढच्या काही दिवसांत नव्या वाहिन्या आत शिरतात. म्हणजे खरी परीक्षा पहिल्या तीन-चार दिवसांची. या काळात ग्राफ्ट आणि जखम यांच्यामध्ये रक्त किंवा पाणी साचलं, ग्राफ्ट सरकला, किंवा पू झाला, तर तो गेला.

प्लेटलेटच्या पोटात जे बारीक कण असतात त्यांत पीडीजीएफ, टीजीएफ-बीटा, व्हीईजीएफ असे वाढीचे घटक साठवलेले असतात. व्हीईजीएफ नव्या रक्तवाहिन्या फुटायला चालना देतो, पीडीजीएफ जखम भरणाऱ्या पेशींना ओढून आणतो. शिवाय पीआरपी गोठलं की फायब्रिनचं, म्हणजे रक्ताची गाठ बांधणाऱ्या धाग्यांचं, पातळ जाळं तयार होतं आणि ग्राफ्ट पहिल्या दिवसापासून खाली चिकटून राहतो. आमच्या मते ग्राफ्टच्या बाबतीत पीआरपीचा निम्मा उपयोग या चिकटण्यातच आहे, पण त्याचं कौतुक फारसं कुणी करत नाही.

कुत्र्यांवर झालेले अभ्यास लहान आहेत आणि सगळ्यांचे निष्कर्ष एका दिशेचे नाहीत. काहींत रक्तवाहिन्या लवकर आलेल्या दिसतात, काहींत फरक पडत नाही. याचं एक मोठं कारण म्हणजे प्रत्येकाची पीआरपी बनवायची रीत निराळी. तेव्हा खर्चाला मर्यादा असेल तर पैसे आधी चांगल्या ड्रेसिंगवर, खपाचीवर आणि वारंवार तपासणीवर घाला. त्यातून उरले तर पीआरपी.

प्रश्न : जखम होऊन आठवडा झाला. डॉक्टर ग्राफ्ट करायचं नाव घेत नाहीत, नुसती पट्टी बदलतात. उशीर केल्याने नुकसान होत नाही का? (सुदामानगर, इंदूर)

तुमचे डॉक्टर बरोबर करत आहेत. रस्त्यावरच्या अपघातात जखमेत माती, डांबराचे कण, मेलेलं मांस असतं आणि कोणती कातडी जगणार हे पहिले तीन-चार दिवस कळतही नाही. उघडं हाड, उघडा स्नायुबंध किंवा चरबी यांवर ग्राफ्ट धरत नाही. त्यावर आधी लाल, सपाट, दाणेदार मांस भरून यावं लागतं. याला डॉक्टर ‘बेड’ म्हणतात. तो तयार व्हायला साधारण ५ ते १० दिवस लागतात, हाड उघडं असेल तर त्याहून जास्त.

चांगला बेड ओळखायचा कसा? रंग गडद लाल, पृष्ठभाग कडेच्या कातडीच्या पातळीला, गॉजने हलकं पुसलं की ठिपक्याठिपक्याने रक्त येतं, वास नाही, आणि कडेने पातळ गुलाबी नवी त्वचा सरकायला लागलेली. फिकट, पाणचट, फुगून वर आलेला किंवा हिरवट चिकट थर असलेला बेड म्हणजे अजून थांबा.

शिवाय, सगळ्याच जखमांना ग्राफ्ट लागत नाही. कुत्र्याच्या धडावरची कातडी इतकी सैल असते की पाठीवरची, छातीवरची मोठी जखमही आकसून किंवा कडा ओढून टाके घालून बंद होते. ग्राफ्टची वेळ येते ती मुख्यतः कोपराच्या आणि गुडघ्याच्या खाली, जिथे ओढायला कातडीच नसते.

प्रश्न : पीआरपी दवाखान्यातच बनवायची आहे. आमच्याकडे साधं सेंट्रिफ्यूज आहे, त्यावर फक्त आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) दिसतात. कुत्र्यासाठी नेमकी पद्धत, प्रमाण आणि नेहमीच्या चुका सांगाल का? (पदव्युत्तर विद्यार्थी, महू)

आधी आरपीएमचा गुंता सोडवू. पेशी वेगळ्या होतात त्या ‘जी’मुळे, म्हणजे फिरण्याने पडणारं बल गुरुत्वाकर्षणाच्या किती पट आहे त्यामुळे, आणि तो फेऱ्यांइतकाच रोटरच्या त्रिज्येवरही अवलंबून असतो. सूत्र असं : जी = ०.००००१११८ × त्रिज्या (सेंटिमीटर) × आरपीएमचा वर्ग. त्रिज्या मोजायची ती रोटरच्या मध्यापासून, फिरताना नळीचं बूड जिथे येतं तिथपर्यंत. १० सेंटिमीटर त्रिज्येला २०० जी हवा असेल तर सुमारे १३५० आरपीएम, १५ सेंटिमीटरला सुमारे ११००. दुसऱ्या दवाखान्याचा आरपीएम आपल्या यंत्रावर जसाच्या तसा लावणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे.

रक्त काढण्याआधी प्लेटलेटची मोजणी आणि स्लाइड दोन्ही हवीत. कुत्र्यात साधारण २ ते ५ लाख प्रति मायक्रोलिटर हा नेहमीचा आकडा. यंत्राने कमी दाखवलं तर स्लाइडच्या कडेला प्लेटलेटचे पुंजके आहेत का पाहा. पुंजके असतील तर आकडा खोटा कमी आलेला असतो. मेलॉक्सिकॅम, कारप्रोफेन, ॲस्पिरिन यांनी प्लेटलेटचं काम मंदावतं, म्हणून शक्य असेल तिथे आठवडाभर आधी ती थांबवून वेदनेसाठी दुसऱ्या गटातलं औषध द्या. वेदना तशीच सोसायला लावून पीआरपी चांगली करण्यात काही अर्थ नाही.

किती रक्त हवं? जखम ५ × ८ सेंटिमीटर धरली तर ४० चौरस सेंटिमीटर. चौरस सेंटिमीटरला ०.१ मिलिलिटर या हिशोबाने ४ मिलिलिटर पीआरपी पुरते, त्यासाठी ३०-३५ मिलिलिटर रक्त लागतं. १५ किलोच्या कुत्र्याच्या अंगात सव्वा लिटरच्या आसपास रक्त असतं, त्यामुळे त्याला हे जाणवतही नाही. चार किलोच्या पॉमेरेनियनचं मात्र एकूण रक्तच साडेतीनशे मिलिलिटरच्या आत. शस्त्रक्रियेतही रक्त जाणार असतं, म्हणून तिथे २० मिलिलिटरच्या वर जाऊ नका.

रक्त मानेच्या शिरेतून, १८ ते २० गेजच्या सुईने, एकाच टोचण्यात. केस पूर्ण काढून शस्त्रक्रियेइतकीच स्वच्छता. सुई आत फिरवून शोधाशोध केली की प्लेटलेट सिरिंजमध्येच जागृत होतात आणि गाठी पडतात. तसं झालं तर ती सिरिंज बाजूला ठेवून दुसऱ्या बाजूची शीर घ्या. रक्त भुलीच्या औषधांपूर्वी काढावं. ॲसप्रोमॅझिनने प्लीहा फुगतो, रक्तपेशी तिथे साठतात आणि प्लेटलेटचं कामही बदलतं.

रक्त न गोठण्यासाठी एसीडी-ए किंवा सोडियम सायट्रेट, १ भागाला रक्त ९ भाग : २० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये आधी २ मिलिलिटर एसीडी-ए आणि मग १८ मिलिलिटर रक्त. तयार नळ्या वापरत असाल तर निळ्या टोपीच्या सायट्रेटच्या किंवा पिवळ्या टोपीच्या एसीडीच्या, आणि खुणेपर्यंत पूर्ण भरलेल्या. पिवळ्या टोपीत जेलच्याही नळ्या येतात, तेव्हा लेबल वाचल्याशिवाय उघडू नका. जांभळ्या टोपीची ईडीटीए नळी यासाठी चालत नाही : ती प्लेटलेटचा आकार बिघडवते आणि कॅल्शियम इतकं घट्ट पकडून ठेवते की पुढे जेल बनायला अडचण येते. नळी सात-आठ वेळा अलगद उलटीसुलटी करायची, हलवायची नाही.

पहिलं फिरवणं २०० जी, १० मिनिटं, ब्रेक बंद ठेवून. ब्रेक चालू राहिला की थांबताना थर ढवळले जातात. खाली तांबड्या पेशी, त्यावर अगदी पातळ पांढुरका थर, वर ढगाळ पिवळा प्लाझ्मा. लांब सुईने हा प्लाझ्मा काढताना टोक तांबड्या थरापासून २-३ मिलिमीटर वर ठेवा. शेवटच्या थेंबाचा मोह झाला की पीआरपी लाल होते.

हा प्लाझ्मा दुसऱ्या निर्जंतुक नळीत घालून, दुसरं फिरवणं ८०० जीच्या आसपास, १० मिनिटं. आता प्लेटलेट तळाशी बसतात. वरचा दोनतृतीयांश स्वच्छ प्लाझ्मा काढून वेगळ्या सिरिंजमध्ये ठेवा, फेकू नका. उरलेल्या एकतृतीयांशात तळाची गोळी दहा मिनिटं तशीच भिजू द्या आणि मग नळी बोटांमध्ये हळू फिरवत विरघळवा. लगेच पिपेटने जोरात फोडायला गेलात तर पुंजके कायमचे राहतात.

हिशोब करून बघा : १८ मिलिलिटर रक्त, मूळ प्लेटलेट २.५ लाख, त्यातल्या ५५ टक्के हाती आल्या आणि २.५ मिलिलिटरमध्ये जमल्या, तर घनता सुमारे ९.९ लाख, म्हणजे मूळच्या चौपट. तीन ते पाच पटींच्या दरम्यान असलं की पुरे. त्याहून फार घट्ट केल्याने ग्राफ्ट जास्त धरतो असं नाही. तयार पीआरपीतला एक थेंब मोजणीयंत्रात घालून खात्री करा. मोजल्याशिवाय तिला पीआरपी म्हणू नये, तो नुसता पिवळा द्रव आहे.

वापर चार तासांच्या आत, तोवर खोलीच्या तापमानाला. फ्रिजमध्ये ठेवली की थंडीनेच प्लेटलेट जागृत होतात. आणि मे महिन्यात पंख्याखालच्या टेबलावर ३८ अंशांत ठेवणं म्हणजे खोलीचं तापमान नव्हे.

सगळ्यात मोठा धोका जंतूंचा आहे. नळी दोनदा उघडली जाते, त्यामुळे हे काम ड्रेसिंगच्या टेबलावर नव्हे, लॅमिनार फ्लोमध्ये (गाळलेली स्वच्छ हवा सोडणाऱ्या कपाटात) करा. तो नसेल तर निदान बंद खोलीत, पंखा बंद ठेवून, निर्जंतुक हातमोजे घालून.

प्रश्न : पीआरपी ग्राफ्टखाली घालायची, वरून ओतायची, की कडेने टोचायची? (खासगी पशुवैद्यक, देवास)

मुख्य मात्रा खाली, पातळ थरात. क्रम असा ठेवा. ग्राफ्ट छातीच्या बाजूने काढा, केसांची दिशा मार्करने आखून घ्या, नाहीतर पुढे पायावरचे केस उलटे उभे राहतात. ग्राफ्टच्या आतल्या बाजूची चरबी कात्रीने काढत जा, ती इतकी की केसांच्या मुळांचे ठिपके स्पष्ट दिसले पाहिजेत. चरबी राहिली की खालचा द्रव त्वचेपर्यंत पोचत नाही, आणि असा ग्राफ्ट जगातली कुठलीही पीआरपी वाचवत नाही. मग ११ नंबरच्या ब्लेडने एकाआड एक, समांतर, सेंटिमीटरभराच्या चिरा द्या. या चिरांतून खालचं रक्त आणि पाणी बाहेर पडतं. पीआरपी वापरली म्हणून चिरा कमी करू नका.

बेडवरचं रक्त पूर्ण थांबू द्या. आता १ मिलिलिटर पीआरपीला ०.१ मिलिलिटर १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट मिसळा. कॅल्शियम क्लोराइड असेल तर १० टक्क्यांचं ०.०५ मिलिलिटर पुरे. जेल व्हायला काही मिनिटं लागतात. घट्ट होण्याआधी, द्रव असतानाच, सिरिंजने बेडवर समान पसरा, लगेच ग्राफ्ट ठेवा आणि ओल्या गॉजने मधून कडेकडे पाच मिनिटं हलका दाब द्या. जादा द्रव चिरांमधून निघून जातो. जेल जाड झाल्यावर त्याची चकती खाली ठेवणारेही आहेत, पण आम्ही ते टाळायला सांगतो : जाड थर म्हणजे ग्राफ्ट आणि बेड यांच्यामध्ये घातलेली गादीच. कडेच्या मूळ त्वचेत दोन-दोन सेंटिमीटरवर ०.१ मिलिलिटर टोचलं तर हरकत नाही, पण तो जोडधंदा समजा.

बाजूला ठेवलेला स्वच्छ प्लाझ्मा त्याच प्रमाणात कॅल्शियम घालून जिथून कातडी काढली तिथे टाके घालण्याआधी शिंपडा. तिथे मोठी पोकळी राहते आणि पाणी साचण्याचा त्रास होतो.

जेल बनलंच नाही तर कारण बहुतेक वेळा तीनपैकी एक असतं : नळी ईडीटीएची होती, सायट्रेटच्या मानाने रक्त कमी भरलं, किंवा कॅल्शियमची बाटली बरेच दिवस उघडी पडलेली. आणखी कॅल्शियम ओतत बसू नका, जादा कॅल्शियम ऊतींना जाळतं.

यंत्रावर दोनदा फिरवायची सोयच नसेल तर पीआरएफ, म्हणजे प्लेटलेटयुक्त फायब्रिन, करा. ही रीत फ्रान्समध्ये २००१ साली शुकरून यांनी मांडली. साध्या काचेच्या नळीत काहीही न घालता रक्त घ्यायचं आणि मिनिटभराच्या आत ४०० जीला १०-१२ मिनिटं फिरवायचं. मधोमध जेलीसारखी फायब्रिनची गाठ मिळते. ती दोन निर्जंतुक गॉजमध्ये दाबून पातळ पडदा करायचा. इथे घाईला पर्याय नाही : रक्त काढणारा आणि यंत्र लावणारा असे दोघे हवेत. मात्र हा पडदा ग्राफ्टखाली अखंड ठेवू नका. आधी बेड तयार करण्यासाठी, किंवा ग्राफ्टच्या चिरांवर आणि कडांवर त्याचा जास्त उपयोग.

प्रश्न : विजयनगरला केसांच्या क्लिनिकमध्ये माणसांसाठी पीआरपी करतात. रक्त तिथे नेऊन करून आणलं तर चालेल का? (इंदूर)

नको. माणसाच्या किटमधले वेग आणि जेलचे थर माणसाच्या रक्तपेशींच्या आकारावर बेतलेले असतात, कुत्र्याच्या तांबड्या पेशी त्याहून लहान. त्याच किटमध्ये कुत्र्याचं रक्त घातलं तर कधी प्लेटलेट तांबड्या थरात अडकतात, कधी तांबड्या पेशी वर येतात. तिथे कुत्र्याची मोजणीही होणार नाही. आणि जिथे माणसांच्या डोक्यात सुया टोचतात त्या टेबलावर कुत्र्याचं रक्त नेणं त्या माणसांवरही अन्याय आहे.

प्रश्न : जखमी कुत्र्याला गोचीड-ताप झाला होता, प्लेटलेट ६० हजार आहेत. घरातल्या दुसऱ्या निरोगी कुत्र्याचं रक्त घेऊन पीआरपी करता येईल? (राऊ)

आपल्या माळव्यात हा प्रश्न येणारच होता. पावसाळ्यानंतर एर्लिकिया, बॅबेसिया, ॲनाप्लाझ्मा यांचे रुग्ण वाढतात आणि तिन्हींत प्लेटलेट उतरतात. ६० हजारांवर पीआरपी तर सोडाच, तातडीची नसलेली शस्त्रक्रियाही पुढे ढकलावी. आधी उपचार पूर्ण करा. एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिन दिवसाला किलोमागे १० मिलिग्रॅम, २८ दिवस. ते उपाशीपोटी कोरडं गिळवू नका, अन्ननलिकेला इजा होते. प्लेटलेट बऱ्याचदा पहिल्या एक-दोन आठवड्यांतच वर येतात, पण तेवढ्यावर गोळ्या बंद करायच्या नाहीत. तोवर जखमेची पट्टी चालू ठेवा. त्या काळात बेडही तयार होतो.

दुसऱ्या कुत्र्याचं रक्त नको. एका घरात, एकाच अंगणात राहणाऱ्या कुत्र्यांपैकी एकाला गोचीड-ताप झाला असेल तर दुसराही वरून निरोगी दिसत जंतू वाहत असू शकतो. त्यात रक्तगटांचा प्रश्न वेगळाच. तपासलेल्या दात्याचं रक्त वापरण्याची सोय मोठ्या रुग्णालयात असू शकते, घरगुती जुळवाजुळव म्हणून ते करू नये.

हेही लक्षात ठेवा : जखम गाठ काढल्यामुळे झालेली असेल आणि ती कर्करोगाची निघाली असेल, तर तिथे वाढीचे घटक ओतण्यात शहाणपण नाही. गाठीचा तपासणी-अहवाल येऊन कडा स्वच्छ असल्याचं कळेपर्यंत पीआरपीचा विचारही करू नका.

प्रश्न : ग्राफ्ट करून कुत्रा घरी आला आहे. पट्टी कधी उघडायची? आत काय चाललंय ते कसं कळणार? (स्नेहलतागंज, इंदूर)

पट्टी तुम्ही उघडायचीच नाही. पहिली पट्टी बहुतेक डॉक्टर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान बदलतात, पट्टी भिजली किंवा वास आला तर त्याआधी. लवकर उघडण्याची घाई हे ग्राफ्ट जाण्याचं मोठं कारण आहे. चिकटलेला गॉज ओढला की नुकत्या जुळलेल्या वाहिन्या तुटतात. म्हणून सर्वांत खालचा थर न चिकटणारा हवा, आणि तरी चिकटलाच तर कोमट सलाइनने भिजवून दहा मिनिटं थांबायचं.

रंगावरून अंदाज येतो. पहिले दोन दिवस ग्राफ्ट पांढुरका, फिकट. तिसऱ्या-चौथ्या दिवशी निळसर-जांभळा आणि सुजलेला. हे पाहून घरची मंडळी हमखास घाबरतात, पण हा रंग अपेक्षित आहे. सातव्या-आठव्या दिवसापर्यंत तो लालसर-गुलाबी व्हायला हवा. त्या वेळी जो भाग काळा, कडक, चामड्यासारखा किंवा पांढराफटक राहतो तो गेलेला. तरी वरची काळी खपली लगेच कापायला लावू नका. पुष्कळदा वरचा पापुद्राच मेलेला असतो आणि खाली त्वचा जिवंत असते.

घरी करायचं काम पायाच्या बोटांवर नजर ठेवण्याचं. मधली दोन बोटं पट्टीबाहेर उघडी ठेवलेली असतात. दिवसातून दोनदा बघा : नखं एकमेकांपासून फाकली असतील, बोटं गार किंवा फुगलेली असतील, तर पट्टी आवळली आहे. त्याच दिवशी दवाखाना गाठा, सकाळची वाट पाहू नका. बाहेर नेताना पट्टीवर प्लास्टिकची पिशवी, घरात आल्याबरोबर काढायची. ती तशीच राहिली की आत घाम धरून पट्टी ओली होते.

फिरणं म्हणजे साखळीला बांधून शी-शूपुरतं, दोन आठवडे. जिना नाही, सोफ्यावर उडी नाही. गळ्यातली प्लास्टिकची कॉलर चोवीस तास, जेवतानाही. ‘बिचारा कंटाळलाय’ म्हणून रात्री तासभर काढली आणि सकाळी ग्राफ्ट चावून टाकलेला, असं घडायला दहा मिनिटंही पुरतात.

प्रश्न : आमच्या गल्लीत कुत्र्यांना आम्ही हळद आणि खोबरेल तेल लावतो, जखमा भरतात. ग्राफ्टआधी हेच चालेल ना? (रामबाग, इंदूर)

ग्राफ्ट करायचा असेल तर नाही. तेलाचा थर बेडवर राहतो, हळदीचे कण जखमेत अडकतात आणि रंगामुळे बेडचा खरा लालपणा कळत नाही. फिनाइल, डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड हेही नको. पेरॉक्साइडचा फेस पाहून समाधान वाटतं, पण नव्या पेशीही त्यातच मरतात. धुण्यासाठी सलाइन उत्तम. ते नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण दीड लहान चमचा. दवाखान्यात क्लोरहेक्सिडीन ०.०५ टक्के वापरतात : २ टक्क्यांच्या १ भागात ३९ भाग निर्जंतुक पाणी.

अळ्या पडल्या असतील तर त्या चिमट्याने एकेक काढाव्या लागतात आणि त्यासाठी बहुधा गुंगी द्यावी लागते. शेवटची अळी निघून जखम स्वच्छ झाल्यावरच बेडची मोजदाद सुरू. दुखणारा कुत्रा रोज खाऊ घालणाऱ्या हातालाही चावतो, तेव्हा तोंडाला पट्टी बांधल्याशिवाय जखमेला हात लावू नका. चावलाच तर जखम पंधरा मिनिटं साबणाच्या पाण्याने धुऊन रेबीजच्या लशीसाठी रुग्णालयात जा.

भटक्या कुत्र्याला ग्राफ्ट करायचा तर नंतर दोन-तीन आठवडे बंदिस्त जागा आधी शोधा, शस्त्रक्रियेची तारीख मग. जागा नसेल तर पंचने ४ ते ६ मिलिमीटरचे छोटे तुकडे काढून बेडमध्ये पेरण्याची रीत बरी. त्यातले काही गेले तरी उरलेल्यांपासून त्वचा पसरते. दिसायला ओबडधोबड होते, केस तुरळक येतात, पण जखम बंद होते. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शल्यचिकित्सा विभाग आहे, गुंतागुंतीचा पाय असेल तर तिथे दाखवण्यात संकोच नसावा.

प्रश्न : पीआरपी वापरूनही अर्धा ग्राफ्ट काळा पडला. पीआरपी खराब होती का? (पशुवैद्यक, इंदूर)

काळा भाग कुठे आहे ते बघा, बरंच कळतं. मधोमध गोल पट्टा गेला असेल तर खाली रक्त किंवा पाणी साचलं : चिरा कमी, रक्त न थांबवता ग्राफ्ट ठेवला, किंवा जेल जाड झालं. सांध्यावरचा आडवा पट्टा गेला असेल तर हालचाल : घोटा खपाचीने अडकवला नव्हता, किंवा खपाची सांध्याच्या खालीच संपत होती. कडेने गेला असेल तर टाक्यांचा ताण किंवा पट्टीचा दाब. ग्राफ्ट विरघळल्यासारखा, ओला, वास येणारा असेल तर जंतू. काही स्ट्रेप्टोकॉकस आणि स्यूडोमोनास ग्राफ्टला धरून ठेवणारं फायब्रिनच विरघळवतात, म्हणजे पीआरपीने जे बांधलं तेच उसवतात. अशा वेळी पुढच्या ग्राफ्टआधी बेडच्या तुकड्याचं कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) करून औषध ठरवा, आणि कल्चर स्वच्छ येईपर्यंत पीआरपी बनवू नका.

सगळा ग्राफ्ट सारखाच, एकसलग गेला असेल तर चरबी नीट काढली नव्हती किंवा बेड जुना, तंतुमय, फिकट होता. असा बेड वरून खरवडून दोन-चार दिवस नवा लाल थर येऊ द्यावा लागतो. पीआरपी खराब असल्याने ग्राफ्ट गेला असं होण्यासाठी तीत जंतू शिरलेले असावे लागतात. प्लेटलेट कमी निघाल्या तर फायदा कमी होतो, नुकसान नाही.

व्हॅक्यूम ड्रेसिंगची (जखमेतला द्रव यंत्राने सतत ओढून घेणाऱ्या पट्टीची) सोय असेल तर पहिले तीन-चार दिवस वजा ६५ ते वजा १२५ मिलिमीटर पारा इतक्या दाबाने लावा. पाणी साचणं आणि सरकणं दोन्ही एकदम आटोक्यात येतात.

प्रश्न : केस परत येतील का? आणि ग्राफ्ट तळव्याच्या गादीवर चालेल का? (देवास)

पूर्ण जाडीचा ग्राफ्ट चांगला धरला तर केस दोन-तीन आठवड्यांनी दिसू लागतात. चिरांच्या जागी मात्र बारीक बिनकेसांच्या रेघा राहतात. रंग आणि लांबी छातीच्या केसांची, पायाच्या नव्हे. तळव्याच्या गादीला साधी कातडी पुरत नाही, कुत्र्याच्या वजनाने ती फाटते. तिथे दुसऱ्या गादीचे ६ × ८ मिलिमीटरचे तुकडे जखमेच्या कडेने लावतात. संवेदना परत यायला आठवडे ते महिने जातात, आणि ती परतताना मुंग्या येत असाव्यात, कारण तोवर शांत असलेला कुत्रा अचानक तोच भाग चाटायला, कुरतडायला लागतो. म्हणून टाके निघाले तरी कॉलर फेकून देऊ नका, हाताशी ठेवा.